डेक नंतर, आधी बेअरिंग

प्रिय मित्रा,

स्केटबोर्डच्या धंद्याचा तुझा मेसेज वाचला. दोन लाख जमवलेस, कौतुक आहे. पण त्यातून स्वतःच्या नावाचे शंभर डेक छापून घेणार म्हणतोस, तिथे जरा थांब.

डेक म्हणजे बोर्डावरची उभं राहायची फळी, मेपल लाकडाचे सात पातळ थर चिकटवलेली. ठाण्यातला पावसाळा तिला मानवत नाही. माझ्या पहिल्या मालातले बावीस डेक कॉटखाली ओल लागून वाकले. आईने त्यातल्या तीन डेकवर कुंड्या ठेवल्या, अजून आहेत. अमेरिकेतल्या नामांकित स्केटबोर्डर टोनी हॉकने 1992 साली बर्डहाउस ही स्केटबोर्डची कंपनी काढली, तेव्हा स्केटबोर्डचा बाजार बसला होता आणि त्याला घरावर दुसरं कर्ज काढावं लागलं. जगभर नाव असलेल्या माणसाची ही गत. तुला-मला तर घोडबंदरच्या पलीकडे कुणी ओळखत नाही.

तू चाकं आणि बेअरिंगपासून सुरुवात कर. व्हिडिओ बघून पोरं 99ए ची कडक चाकं मागवतात (हा आकडा कडकपणाचा, जितका जास्त तितकं चाक कडक). गुळगुळीत काँक्रीटवर ती झकास, आपल्या सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकवर मात्र दात वाजतात. आठवड्यात बोर्ड माळ्यावर जातो आणि तुझं गिऱ्हाईकही. नवशिक्याला 78ए ची मऊ, जरा मोठी चाकं दे.

बेअरिंगचा नंबर 608. आतलं भोक 8 मिलिमीटर, बाहेरचा व्यास 22, जाडी 7. एका बोर्डाला आठ लागतात. वागळे इस्टेटमध्ये मी पहिल्यांदा मागितली तेव्हा दुकानाचे शेठ म्हणाले, "कुठल्या मोटारीला?" मी बोर्ड काउंटरवर ठेवला. त्यांनी चाक बोटाने फिरवलं, कान जवळ नेला. "माती गेलीय आत. नवीन कशाला घेतोस? धू आणि तेल सोड." त्या दिवशी त्यांचा धंदा बुडाला, पण मी आजही तिथेच जातो.

भाडं मात्र स्केटबोर्ड शिकवायच्या क्लासमधून निघतं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये स्केटबोर्डिंग आलं, त्यानंतर आईवडील आपणहून विचारू लागले. हेल्मेट, गुडघ्याचे पॅड तुझ्याकडचे ठेव. ते घातलं नसेल त्या पोराला बोर्डवर चढवू नकोस, कितीही रडला तरी. जून ते सप्टेंबर उघड्यावरचा क्लास बंदच धर. तेवढ्या महिन्यांचं भाडं मे संपायच्या आत बाजूला काढ. त्या दिवसांत दुरुस्ती घे.

छपाईवाल्याला अजून आगाऊ दिले नसशील तर रविवारी सकाळी सहाला उपवन तलावाशी ये. दहा-बारा जुने बोर्ड उघडायचेत. येताना अर्ध्या इंचाचा पाना आण, माझा कुणीतरी लंपास केलाय.

तुझा,
दादा