तागाच्या कंपोझिटला सस्टेनेबल म्हणावं का?

तुमचा प्रश्न: शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला कंपोझिट (धागा आणि प्लास्टिक मिळून केलेलं मटेरियल) करायचंय, तर पॉलिस्टर रेझिनमध्ये, म्हणजे पातळ ओतून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकमध्ये, ताग घालू की केळीचा धागा, आणि त्याला सस्टेनेबल म्हणता येईल का?

दुसऱ्याचं आधी सांगतो. पॉलिस्टर रेझिन घेणार असाल तर म्हणू नका.

रबाळे एमआयडीसीत एफआरपीच्या (काचेचा धागा घातलेल्या प्लास्टिकच्या) शेडवर माझी हयात गेली, आणि या एका शब्दावरून आमच्या घरात भांडणं झालीत. माझे साडू ठाण्यात इंटिरिअरची कामं घेतात. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीच्या बागेत झाडं लावायला त्यांना मोठे बॉक्स हवे होते, तागाचेच. सोसायटीला सांगून मोकळे झालेले, की मातीत टाकलं की माती होतं. म्हटलं, अहो, ताग कुजेल, रेझिन कुठे जाणार? एकदा सेट झालेलं पॉलिस्टर ना वितळत ना कुजत. पण ऐकतील तर साडू कसले!

ऑर्डर आली ऐन जुलैत. ताग हवेतली ओल ओढतो, पावसाळ्यात वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त सहज. ओल्या धाग्याला रेझिन नीट धरत नाही. आम्ही कापड ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वाळवलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं, लागेल तेवढंच काढलं. दोन्ही अंगांनी जेलकोट (रेझिनचा बाहेरचा संरक्षक थर), कडा रेझिनने बंद. माल चोख गेला. तिकडे साडूंच्या सुताराने पाणी जायला तळाला भोकं पाडली आणि तशीच उघडी सोडली. दिवाळीपर्यंत भोकांभोवती फुगून काळी बुरशी! आता प्रत्येक लग्नकार्यात साडू सांगतात, "यांचा माल फुगला." भोकं कोणी पाडली, ते मात्र सांगत नाहीत.

शिवाय तागाचं कापड काचेच्या धाग्याच्या मॅटपेक्षा रेझिन जास्त पितं. म्हणजे काच वाचवायची आणि पेट्रोलियमचं रेझिन जास्त ओतायचं. यात कसलं आलंय पर्यावरण?

ताग वाईट नाही. घनता काचेच्या धाग्याची २.५, तागाची १.४ ग्रॅम प्रति घन सेंमीच्या आसपास, त्यामुळे वजनाच्या मानाने ताठपणा चांगला मिळतो. ताकदीत मात्र काच कितीतरी पुढे. जर्मन मोटारींच्या दारांच्या आतल्या पॅनेलांत जवसाचा आणि घायपाताचा धागा १९९०च्या दशकापासून आहे. ती जागा कोरडी, भार कमी. तिथे धाग्यासोबत बऱ्याचदा पॉलिप्रॉपिलीन हे वितळणारं प्लास्टिक असतं. ते १६५ अंशांच्या आसपास वितळतं, धागा २००च्या पुढे करपायला लागतो, म्हणून ही जोडी जमते. पुन्हा वितळवताही येतं, दर खेपेला धागा थोडा तुटतो एवढंच.

ताग की केळी? ताग. विणलेलं कापड आयतं मिळतं. केळीचा धागा जाडीला कमीजास्त येतो, रीडिंग विखुरतात, मग व्हायव्हात घाम फुटतो. कापड ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवून धुवा, पण फार वेळ ठेवू नका, धागाच कमजोर होतो.

माझं हे सगळं हँड ले-अपचं (साच्यात हाताने थर देण्याचं), पीएलए हे वनस्पतींपासूनचं प्लास्टिक वापरणाऱ्यांनी अंगावर घेऊ नये. मात्र पीएलएलाही कंपोस्ट व्हायला ५८-६० अंशांचा प्लांट लागतो, घरच्या कुंडीत होत नाही. आणि हो, ताग कापताना पोरांना काचेसारखी खाज येत नाही. हा फायदा कुठल्याच प्रोजेक्ट रिपोर्टात दिसत नाही, तुम्ही लिहा.

एक टेस्ट नक्की करा. दोन तुकडे घ्या, एक कडा बंद केलेला, एक भोक पाडून उघडा सोडलेला. २४ तास पाण्यात ठेवून वजन करा आणि आकडे इथेच टाका. गणपतीत साडू आमच्याकडे येतात.