'पाचारण' शोधायचं की ऐकायचं?

प्रश्न असा आला आहे: मंडळीतल्या (चर्चमधल्या) तरुणांच्या अभ्यासवर्गासाठी मराठी शीर्षक हवं आहे. कुणीतरी 'देवाचे अनन्य पाचारण शोधा आणि पाळा' असं सुचवलं. विचारणाऱ्या ताईंना ते खटकतं, पण नेमकं काय खटकतं ते सांगता येत नाही. शिवाय 'पाचारण' हा शब्द आजच्या मुलांना जड जाईल का, त्याऐवजी 'बोलावणं' किंवा सरळ 'कॉलिंग' चालेल का, असंही त्यांनी विचारलं आहे.

ताई, तुमचा कान बरोबर आहे. त्या शीर्षकातल्या 'अनन्य', 'पाचारण', 'शोधा' आणि 'पाळा' या चारपैकी तीन शब्द आपापल्या जागी नाहीत. 'पाचारण' तेवढा ठेवा.

आधी त्याच्याबद्दल. चर्चबाहेरच्या मराठी माणसाला हा शब्द भेटतो तो बातमीत. आग लागली, अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आलं. जमाव आवरेना, जादा कुमक पाचारण करण्यात आली. त्यामुळे नवख्या माणसाला 'मला देवाचं पाचारण झालं' हे वाक्य जरा गमतीदार वाटू शकतं. कुठे काय पेटलं, असं त्याच्या मनात येईल. पण बातमीतला हा वापर शब्दाचा स्वभाव नीट दाखवतो. पाचारण कामासाठी होतं, आणि ते करणारा कुणीतरी असतो. अग्निशमन दल स्वतःला पाचारण करून घेत नाही.

मराठी पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) हा शब्द ज्या ग्रीक नामासाठी येतो ते 'क्लेसिस'. 'कालेओ', म्हणजे बोलावणे, हाक मारणे, या क्रियापदापासून ते झालं आहे. गंमत अशी की त्याच कुळातले शब्द मराठीत प्रसंग पाहून वेगवेगळे उतरले. लग्नाच्या मेजवानीच्या दाखल्यात 'बोलावलेले पुष्कळ आहेत' असं आहे, कारण तिथे जेवणाचं निमंत्रण आहे. रोमकरांस पत्राच्या पहिल्याच ओळीत पौल 'प्रेषित होण्याकरता बोलावलेला' आहे. आणि जिथे विश्वासी माणसाच्या सगळ्या आयुष्याची दिशा सांगायची असते, तिथे 'पाचारण' येतं: 'तुम्हांला झालेल्या पाचारणास शोभेल असे चाला', इफिसकरांस ४:१. जुन्या करारात लहानग्या शमुवेलाला रात्री ऐकू येते ती मात्र 'हाक'.

तेव्हा 'हाक' आणि 'बोलावणं' चूक नाहीत. फरक प्रसंगाचा आहे. हाक कानावर पडते, त्या क्षणाची असते. बोलावणं येतं, त्याला जायचं की नाही ते आपण ठरवतो, आणि जाऊन परतही येतो. पाचारणात परतीचा विचार नाही. 'कॉलिंग' तरुण मंडळी सर्रास म्हणतात आणि मला त्याचं वावडं नाही, पण मराठीत तो शब्द उच्चारला की आधी फोन आठवतो. 'ध्येय' मात्र नको. ध्येय मी ठरवतो आणि मीच गाठतो. त्यात बोलावणारा कुणीच नाही.

आता खरा घोळ, 'शोधा' या क्रियापदाचा. वस्तू हरवली की ती शोधतात. लपवलेली असली तरी शोधतात. बोलावणं कुणी शोधत नाही. 'मी माझं पाचारण शोधतोय' हे वाक्य आता तरुणांच्या साक्षींमध्ये, म्हणजे विश्वासाचे अनुभव सांगताना, इतकं ऐकू येतं की ते रूढ झालंय असंच म्हणावं लागेल. तरी मला ते पटत नाही, आणि कारण व्याकरणातही आहे. शास्त्रातली मराठी मांडणी बघा: 'तुम्हांला झालेले पाचारण'. ज्याला बोलावलं तो चतुर्थीत, 'तुम्हांला'. बोलावणारा षष्ठीत, 'देवाचे पाचारण'. 'माझं पाचारण' म्हटलं की बोलावणाऱ्याची जागा मी घेतो. नीट ऐकलं तर त्याचा अर्थ 'मी केलेलं पाचारण' असाही निघतो! जुन्या भाषांतरकारांनी हे मुद्दाम जपलं की त्यांच्या कानाने आपोआप जपलं, कोण जाणे. पण जपलं खरं. इब्री लोकांस पत्रात तर उघडच आहे की याजकपणाचा मान कुणी आपण होऊन घेत नाही, अहरोनाप्रमाणे देवाने पाचारण केल्यावरच तो मिळतो.

मग क्रियापद कोणतं? 'ओळखणे'. शमुवेलाची गोष्ट इथे कोणत्याही शब्दकोशापेक्षा जास्त कामाची आहे. हाक आली ती त्याच्याच नावाने, ऐकूही स्पष्ट आली. तो तीनदा उठला आणि तिन्ही वेळा एली या याजकाकडे धावत गेला. त्याने काही शोधलं नाही, कारण हरवलं काहीच नव्हतं. चुकलं एवढंच, की हाक देवाची आहे ते कळलं नाही. तेही त्याचं त्याला उमगलं नाही. दृष्टी मंदावलेल्या म्हाताऱ्या एलीच्या ध्यानात आलं आणि त्याने उत्तर कसं द्यायचं ते शिकवलं. म्हणून 'पाचारण ओळखणे' म्हणताना त्यात दुसऱ्याचा कानही धरलेला असतो. अंत्युखिया शहरातल्या मंडळीतही तसंच झालं. बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना वेगळं करून ठेवा, ही आज्ञा मंडळी उपास आणि उपासना करत असताना आली. ते दोघे एकेकटे बसून आत्मपरीक्षण करत होते असं तिथे नाही.

'अनन्य' बद्दल. या शब्दाने मराठीत भक्तीशी घरोबा केला आहे: अनन्यभाव, अनन्य शरण. तिथे अर्थ 'दुसऱ्या कुणाकडे न बघता'. पाचारणाला तो लावला की वाचणारा बुचकळ्यात पडतो. 'अनन्यसाधारण' म्हणाल तर त्यात बढाई शिरते, माझ्यासारखं दुसऱ्या कुणाचंच नाही अशी. म्हणायचंय काय, तर ज्याचं त्याचं वेगळं. त्यासाठी पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात (७:१७) साधी मराठी आहे: प्रभूने प्रत्येकाला 'वाटून दिले'. वाट्याला आलेलं! वाट्याची तुलना शेजारच्या पानाशी करायची नसते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी पेत्र दुसऱ्या शिष्याकडे बोट दाखवून 'ह्याचं काय' विचारतो, तेव्हा त्याला येशूकडून उत्तर मिळतं ते साधारण असं: तुला त्याचं काय, तू माझ्यामागे ये.

एक सावधगिरी मात्र हवी. 'क्लेसिस' हे नाम नव्या करारात फक्त ११ वेळा येतं, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ते सगळ्या विश्वासणाऱ्यांचं मिळून एक पाचारण असतं: पवित्रतेसाठी, आशेसाठी. अपवाद म्हणून दाखवतात ते १ करिंथकरांस ७:२०. तिथे मराठीत 'ज्याला ज्या स्थितीत पाचारण झाले' असं आहे, आणि ग्रीकमध्ये 'स्थिती'च्या जागी पुन्हा 'क्लेसिस'च. याच ओळीभोवती पुढे युरोपात मोठी चर्चा झाली. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १६ व्या शतकात ठामपणे मांडलं की पाचारण मठातल्या माणसांपुरतं नाही, चांभाराला आणि घर सांभाळणाऱ्या आईलाही ते आहे. जर्मनमध्ये धंद्या-व्यवसायाला आजही 'बेरूफ' म्हणतात, आणि त्या शब्दाच्या पोटात 'रूफेन', म्हणजे हाक मारणे, बसलेलं आहे. मराठीत असा शब्द झाला नाही. आपला 'धंदा' धंदाच राहिला, आणि 'पाचारण' पाळक, मिशनरी, धर्मगुरू, सिस्टर यांच्याकडे सरकलं. 'त्याला पाचारण आहे' म्हटलं की पूर्णवेळ सेवा, असंच आपण समजतो.

शब्दाचं हे आकुंचन मला सलतं. निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात देव ज्याला नाव घेऊन बोलावतो आणि आत्म्याने भरतो तो बसालेल, सोन्यारुप्याचं, दगड जडवायचं आणि लाकूड कोरायचं काम करणारा कारागीर. मराठीत नवा करार पहिल्यांदा १८११ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपुरात (सेरामपूर) छापून काढणारे मिशनरी विल्यम केरी तरुणपणी जोडे शिवत. तरुणांना हे सांगितलंत तर 'पाचारण' जड वाटणार नाही.

राहिलं 'पाळा'. आज्ञा पाळतात, व्रत पाळतात, शब्द पाळतात. पाचारण नाही. इंग्रजीतलं 'फॉलो' हे क्रियापद 'अनुसरणे' असं आणावं तर तेही बसत नाही, कारण शुभवर्तमानांत शिष्य येशूला अनुसरतात, त्याच्या बोलावण्याला नव्हे. पाचारणाला 'शोभेल असे चालतात', किंवा बोलीत म्हणायचं तर त्याला 'ओ देतात'. हा दोन जणांतला व्यवहार आहे, आणि 'ओ' या एका अक्षरात तो जितका मावतो तितका दुसऱ्या कशात मावणार नाही. आई हाक मारते, पोर आतल्या खोलीतून 'ओ' म्हणतं. अजून उठलेलं नसतं, पण ऐकलं हे कळवलेलं असतं. उठायचं मग राहतंच.

तेव्हा माझ्याकडून शीर्षक: 'देवाचे पाचारण: ओळखावे कसे, ओ द्यावी कशी'. लांब वाटलं तर नुसतं 'हाकेला ओ' ठेवा आणि 'पाचारण' आतल्या पानांवर समजावून सांगा. 'वेगळं', 'खास' वगैरे शीर्षकात नकोच. देवाने नाव घेऊन बोलावलं म्हटल्यावर ते वेगळं आलंच.