लोकर, हीर आणि दमट हवा : नाताळच्या सजावटीविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की गोव्यात नाताळच्या नक्षत्रांचे, म्हणजे ताऱ्याच्या आकाराच्या कागदी कंदिलांचे, सांगाडे बांधायला घेतात, आणि त्याच सुमारास लोकरीच्या सजावटीविषयीची पत्रेही येऊ लागतात. यंदाच्या पत्रांतले जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे. बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट दिसली : जे काम गाठीने व्हायला हवे ते चिकटपदार्थावर सोपवले जाते, आणि समुद्रकाठच्या हवेत चिकटपदार्थाचा भरवसा धरता येत नाही.

प्रश्न : मी लोकरीचे गोल गोंडे करते. दोन-चार दिवसांत त्यांतून धागे गळू लागतात आणि गोंडा एका बाजूने चपटा दिसतो. मध्यभागी फेव्हिकॉल लावून पाहिला, पण तेथे कडक गोळा तयार होतो. (म्हापसा)

आपला गोंडा गळतो तो मधली गाठ सैल असल्यामुळे, आणि ती सैल राहते ती बहुधा त्याच लोकरीच्या तुकड्याने बांधल्यामुळे. विणायची लोकर ताणली जाते. बांधताना ती घट्ट वाटते, पण हात सोडला की थोडी आखडते आणि गाठ ढिली पडते. म्हणून मधला बंध सुती धाग्याचा असावा. भरतकामाचा सहापदरी दोरा न सोडवता तसाच वापरला तर उत्तम. मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा मजबूत असतो खरा, परंतु गुळगुळीत असल्याने त्याची गाठ सरकते, म्हणून तो टाळावा.

गाठ मारताना पहिल्या फेऱ्यात दोरा एकदा नव्हे, दोनदा गुंतवावा. असा दुहेरी पीळ घातला की दुसरी गाठ मारीपर्यंत पहिली मागे सरकत नाही, आणि गाठीवर बोट धरून ठेवायला दुसऱ्या माणसाची गरज उरत नाही. त्यानंतर दोऱ्याची टोके गोंड्याच्या विरुद्ध बाजूला नेऊन तेथे आणखी एक गाठ मारावी.

चपटेपणाचे कारण वेगळे आहे. ५ सेंटिमीटर रुंदीच्या पुठ्ठ्यावर ४०-५० वेढे घेऊन थांबले तर गोंडा विरळच होणार. मध्यम जाडीच्या लोकरीचे किमान १२० वेढे घ्यावेत. एका वेढ्याला साधारण १० सेंटिमीटर, म्हणजे एका गोंड्याला १२ मीटर लोकर लागते. वेढे एकाच जागी न चढवता पुठ्ठ्याच्या मध्यावर सारख्या थराने पसरावेत. पुठ्ठ्यावरून काढून मध्ये बांधल्यावर दोन्हीकडचे सर्व फास कापावेत, आणि मग गोंडा तळहातावर फिरवत थोडा थोडा कातरावा. कातरताना बराच भाग वाया जातो, आणि तो जाऊ द्यावा. ५ सेंटिमीटरचा गोंडा ४ सेंटिमीटरवर आला म्हणजे तो गोल आणि दाट दिसतो. लोकर वाचवायला गेलेला गोंडा ओळखू येतो. बंधाच्या दोऱ्याची लांब टोके मात्र चुकूनही कापू नयेत, कारण गोंडा टांगायचा तो त्यांनीच.

प्रश्न : आमच्या शाळेत ४० मुलांकडून लोकरीची काहीतरी सोपी वस्तू करून घ्यायची आहे. खर्च कमी हवा. किती लोकर आणावी? (साखळी)

मुलांना गोल गोंडा देऊ नका, लोंबता गोंडा द्या, म्हणजे वर बांधलेला आणि खाली सुटे धागे लोंबणारा झुबका. ७ सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर २० वेढे घेतले तर २ मीटर ८० सेंटिमीटर लोकर लागते; वरचा बंध आणि मानेवरचे वेढे धरून एका मुलामागे साडेतीन मीटर पुरे. ४० मुलांचे १४० मीटर होतात. लोकरीच्या वेष्टनावर वजनाबरोबर बहुधा लांबीही छापलेली असते. वजन न पाहता ती लांबी पाहावी, कारण जाड लोकरीचा १०० ग्रॅमचा गुंडा बारीक लोकरीपेक्षा खूप लवकर संपतो. १४० मीटरचा हिशेब असला तरी २०० मीटर आणावी, मुले कापतातच जास्त. रंग दोनच घ्यावेत, म्हणजे वाटपात भांडणे होत नाहीत.

प्रश्न : फुग्यावर लोकर गुंडाळून जाळीदार गोळे केले. फुगा फोडला आणि गोळा आत बसला. दुसऱ्या खेपेला फेव्हिकॉल जास्त लावला, तरी तेच. (वास्को)

हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि त्यात दोष करणाऱ्याच्या हाताचा कमी, सामग्रीचा अधिक असतो. बाजारात लोकर म्हणून जी मिळते ती बहुतेक ॲक्रिलिकची, म्हणजे कृत्रिम तंतूची असते. ॲक्रिलिक पाणी फारसे शोषत नाही, त्यामुळे फेव्हिकॉल धाग्याच्या आत न मुरता त्याच्या अंगावर राहतो आणि वाळल्यावर पापुद्र्यासारखा सुटतो. या एका वस्तूसाठी लोकरीचा आग्रह सोडून सुती दोरा घ्यावा. क्रोशाचा जाडसर दोरा किंवा पुडी बांधायचा साधा पांढरा दोराही चालेल. सूत फेव्हिकॉल पिते आणि वाळल्यावर ताठ होते.

प्रमाण दोन भाग फेव्हिकॉल आणि एक भाग पाणी असे ठेवावे. फुगा पूर्ण फुगवू नये, १० सेंटिमीटर व्यासाचा झाला की थांबावे. अर्धवट फुगवलेला फुगा अधिक गोल राहतो. त्याच्या अंगाला व्हॅसलिनचा अगदी पातळ हात द्यावा. खोबरेल तेल लावण्याची पद्धत मी पाहिली आहे. तेल ओघळून दोऱ्यात उतरते आणि चिकटपणा घालवते, म्हणून ते नको. दोरा दिशा बदलत गुंडाळावा आणि दोन धाग्यांमधली भोके करंगळीच्या नखापेक्षा मोठी ठेवू नयेत. धागे जेथे एकमेकांना छेदतात तेथेच गोळ्याला बळ मिळते, म्हणून छेद जितके जास्त तितका गोळा टिकाऊ.

आता वाळवण्याचा भाग, आणि वास्कोसारख्या ठिकाणी खरी अडचण येथेच आहे. उन्हात ठेवला तर फुग्यातली हवा प्रसरण पावते, रात्री ती आकसते, आणि ओले धागे जागा सोडतात. खिडकीत ठेवला तर खारा दमट वारा लागतो. घरात, पंख्याखाली, दोरीला टांगून पूर्ण दोन दिवस वाळवावा आणि बोटाने दाबल्यावर कडक लागला तरच पुढे जावे. फुगा एकदम फोडू नये. आधी पेन्सिलच्या मागच्या रबराने भोकांतून फुगा सगळीकडे हलकेच आत ढकलून धाग्यांपासून सोडवावा, मग गाठीजवळ बारीक छेद देऊन हवा सावकाश जाऊ द्यावी. हवा एकदम गेली तर चिकटलेला फुगा आपल्याबरोबर धागेही आत ओढतो.

फेव्हिकॉल वाळला तरी पाण्याने पुन्हा नरम होतो. हे गोळे घराबाहेर उघड्यावर टांगणार असाल तर डिसेंबरातले पहाटेचे दव पुरेसे आहे. बिनरंगी वॉर्निशचा एक हात द्यावा, किंवा ते आतच टांगावेत.

प्रश्न : माडाच्या हिरांवर (पात्यांच्या मधल्या काड्यांवर) लोकर गुंडाळून तारे करतो. हीर मध्ये फिरतात आणि तारा वाकडा होतो. एक बाजू नेहमी लहान दिसते. (काणकोण)

हीर वापरण्याची आपली कल्पना मला फार आवडली. विकतच्या आइस्क्रीमच्या काड्यांपेक्षा ते हलके असतात आणि चुडत, म्हणजे माडाची झावळी, तर आपल्या परसात पडूनच असते. मात्र ताजे हीर घेऊ नयेत. ओला हीर वाळताना बारीक होतो आणि त्यावरचे घट्ट वेढे सैल पडतात. चुडत वाळल्यावर हीर काढावेत, सुरीने खरवडून त्यांवरचा पात्याचा अंश काढावा, आणि वर आठवडाभर ऊन द्यावे.

एक बाजू लहान दिसण्याचे कारण हिरातच आहे. तो बुडाशी जाड आणि शेंड्याशी बारीक असतो. तीन हीर एकमेकांवर ठेवताना तिघांचीही बुडे शेजारी शेजारी आली तर त्या बाजूचे वेढे जाड काडीवर चढतात आणि तेथे लोकर लवकर बाहेर सरकते. समोरची बाजू मागे राहते. म्हणून १५ सेंटिमीटरचे तुकडे कापताना हिराचा फक्त मधला भाग घ्यावा, आणि रचताना एक बूड, एक शेंडा असे आलटून पालटून ठेवावे. बाजू आपोआप सारख्या होतात.

हीर फिरू नयेत म्हणून मध्यावर सुरीने अगदी उथळ खाच पाडावी. प्रथम दोनच हीर फुलीसारखे धरून, लोकर एका तिरप्या दिशेने चार वेढे आणि दुसऱ्या तिरप्या दिशेने चार वेढे अशी आवळावी, मग तिसरा हीर त्यावर ठेवून पुन्हा तसेच करावे. त्यानंतरचे पहिले दोन फेरे नुसते गुंडाळू नयेत. एका हिराच्या वरून, पुढच्याच्या खालून असे विणत न्यावेत. यामुळे सहाही बाहू आपापल्या जागी जखडले जातात. तिसऱ्या फेऱ्यापासून नेहमीची रीत : लोकर हिराच्या वरून न्यायची, त्याला पूर्ण वेढा द्यायचा आणि पुढच्या हिरावर जायचे. वेढा नेहमी वरूनच सुरू झाला पाहिजे. मध्येच एखादा खालून घेतला तर तेथे नक्षीत खड्डा पडतो आणि तो मागाहून लपवता येत नाही. रंग बदलताना नवा धागा मागच्या बाजूला, हिरावरच गाठवावा.

दोन काड्यांवर गुंडाळलेला असाच चौकोन पश्चिम मेक्सिकोतील विशारिका लोकांच्या पूजेत असतो. जगभरच्या शाळांत हस्तकला म्हणून तो शिकवला जातो, पण त्यांच्यासाठी ती देवाला अर्पण करण्याची वस्तू आहे. मुलांकडून करून घेताना एवढे अवश्य सांगावे.

प्रश्न : क्रोशाचे पांढरे तारे ताठ करण्यासाठी आमच्या मावशी साखरेच्या पाकात बुडवतात. तारे ताठ होतात, पण दुसऱ्या दिवशी त्यांवर मुंग्यांची रांग लागते. (फोंडा)

मुंग्यांचे काही चुकलेले नाही. साखरेची रीत कोरड्या, थंड हवेत शोभते. आपल्याकडे मुंग्यांना चुकवले तरी साखर हवेतले पाणी ओढून तारा चिकट करते. मावशींना साबुदाण्याची पातळ खळ सुचवून पाहावी. खळीत तारा बुडवून निथळावा, प्लॅस्टिक पसरलेल्या पुठ्ठ्यावर ताणून प्रत्येक टोकाला टाचणी लावावी, आणि पंख्याखाली वाळू द्यावा. टाचण्या स्टेनलेस स्टीलच्याच हव्यात. साध्या टाचण्या एका रात्रीत गंजतात आणि पांढऱ्या दोऱ्यावर प्रत्येक टोकाला तांबूस ठिपका सोडतात, तो धुऊनही जात नाही. पुस्तके बांधणारे जुने जिल्दसाज कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत. ते विष आहे, घरातल्या सजावटीत त्याला जागा नाही. नाताळ झाला की तारे कोमट पाण्यात धुऊन खळ काढून टाकावी आणि पुढच्या वर्षी नव्याने द्यावी.

प्रश्न : नक्षत्राच्या आत, बल्बच्या भोवती लोकरीचे गोंडे लावले तर चालतील का? आणि नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यात मेणबत्तीजवळ? (मडगाव)

मेणबत्तीजवळ कधीही नको. ॲक्रिलिक पेटते, वितळते आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटून भाजतो. सूत तर भराभर पेटते. खरी मेंढीची लोकर सहजी पेट घेत नाही, पण तेवढ्या आधाराने धोका पत्करू नये. बल्ब जुना तारेचा असेल तर त्याची काच हात लावता येणार नाही इतकी तापते, म्हणून तेथेही नको. एलईडी दिवा असेल तर गोंडे नक्षत्राच्या बाहेरच्या टोकांना लोंबते बांधावेत. आत बांधले तर त्यांची सावली कागदावर पडून नक्षत्र डागाळल्यासारखे दिसते. सुरूच्या फांदीचे झाड करणार असाल तर तिच्या बारीक डहाळ्यांना जड गोंडे पेलत नाहीत. तेथे हिरांचे तारे टांगावेत.

प्रश्न : हेच गोंडे चतुर्थीला माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात त्या सजावटीला) बांधावेत का? (डिचोली)

माझे मत विचाराल तर बांधू नयेत. माटोळी रानातल्या आणि परसातल्या फळाफुलांची, वेलींची असते, आणि तिचे सौंदर्य त्यातच आहे. शिवाय ऐन पावसाळ्यात फळांचा चीक लोकरीला लागला तर डाग जात नाही. दाराच्या तोरणाला हौसेने बांधावेत.

प्रश्न : सगळी सजावट पुढच्या वर्षापर्यंत कशी ठेवावी? पावसाळ्यानंतर डबा उघडला की कुबट वास येतो. (पणजी)

गोव्यात अनेक घरांतली सजावट ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत असते. ती उतरवल्यावर लगेच भरून टाकू नये. जानेवारीची हवा कोरडी असते. त्याचा फायदा घेऊन सगळे सावलीत दोन-तीन दिवस पसरून ठेवावे आणि धूळ झटकावी. कडक ऊन रंग उडवते.

डबा घट्ट झाकणाचा, प्लॅस्टिकचा असावा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा आपल्याकडे आतून गंजतो. आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. गोल गोंडे दाबले गेले की पुन्हा फुलत नाहीत, म्हणून ते अंड्यांच्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये एकेका खळग्यात बसवावेत. जाळीदार गोळेही त्यांच्याबरोबर वरच्याच थरात ठेवावेत. खळ दिलेली कोणतीही वस्तू न धुता ठेवू नये, कुबट वासाचे आणि बुरशीचे मूळ बहुधा तीच असते.

कसर लागते ती खऱ्या लोकरीला; ॲक्रिलिक आणि सूत तिला नको असते. आपल्याकडे खऱ्या लोकरीच्या मोजक्याच वस्तू असतील तर त्या वेगळ्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवाव्यात आणि पिशवी न उघडता बाहेर काढून घरातल्या तापमानाला येऊ द्याव्यात, म्हणजे त्यांवर पाणी सुटत नाही. डांबराच्या गोळ्या सजावटीच्या डब्यात घालू नयेत : त्यांचा वास लोकरीत महिनोन्‌महिने राहतो, आणि झाडाखाली बसून ही सजावट हाताळणारी, तोंडात घालणारी मुले घरात असतात. ऑगस्टच्या शेवटी पावसाने उघडीप दिली की डबा एकदा उघडून पाहावा आणि सिलिका जेलच्या पुड्या बदलाव्यात.