‘पिवळ्यात आहे’ म्हणजे नेमकं काय?

जळगावजवळच्या शिवारात दोन गुंठ्यांचा प्लॉट बघितला. एजंट म्हणतो, ‘सर, पिवळ्यात आहे, डोळे झाकून घ्या.’ घेऊ का? (एक शिक्षक)

सर, डोळे उघडे ठेवूनच बघा. विकास आराखड्याच्या नकाशात निवासी पट्टा पिवळा असतो, शेतीचा हिरवा. पिवळा म्हणजे पुढेमागे तिथं घरं व्हायला हरकत नाही, एवढंच. सातबाऱ्यावर ती जमीन आजही शेतीच असू शकते. झोन दाखला, बिनशेती आणि मंजूर लेआउट (प्लॉट आणि रस्त्यांची मंजूर आखणी) हे तीन वेगळे कागद आहेत आणि बहुतेक जण तिसऱ्यावर फसतात. लेआउट मंजूर नसेल तर तुम्हाला दाखवलेला ‘नऊ मीटरचा रस्ता’ म्हणजे काळ्या मातीवर मारलेली चुन्याची फक्की. पहिल्या पावसात ती वाहून जाते आणि दिवाळीपर्यंत शेजाऱ्याचं कुंपण दोन हात पुढं आलेलं असतं. ‘गुंठेवारीत (मंजुरीविना गुंठ्यागुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटांच्या सवलतीत) नियमित होऊन जाईल’ असंही सांगतील. ती सवलत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटांपुरती आहे, आज फक्की मारलेल्यांना नाही.

धुळ्यात वडिलांच्या जागेवर मैदानाचं आरक्षण आहे. बारा वर्षं झाली, कुणी घेतही नाही आणि बांधूही देत नाही. आते काय करू, भाऊ?

नुसतं वाट बघून आरक्षण उठत नाही, नोटीस द्यावी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 127 त्यासाठीच आहे. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस बजावू शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत जागा संपादन झाली नाही किंवा संपादनाचं ठोस पाऊल पडलं नाही, तर आरक्षण व्यपगत झालं, म्हणजे आपोआप उठलं, असं धरतात. सभेत ठराव झाला म्हणजे पाऊल पडलं, असं नव्हे. नोटिशीसोबत मालकी हक्काची कागदपत्रं जोडा आणि पोच सांभाळून ठेवा. बारा वर्षं कधीपासून मोजताय तेही तपासा. प्रारूप, म्हणजे कच्च्या, आराखड्याची तारीख इथं चालत नाही.

रोख पैशाऐवजी टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क (जागेच्या बदल्यात दुसरीकडं जादा बांधायचा हक्क), घेण्याचा पर्यायही पुढं येईल. तो विकता येतो, पण घेणारा बिल्डर गावात आहे का ते आधी बघा. मोठ्या शहरात टीडीआरला बाजार असतो, आपल्याकडं तो कपाटात पडून राहू शकतो.

आमच्या बोळात मला जेमतेम दोन मजले, मोठ्या रस्त्यावरच्याला पाच. असं का? (नंदुरबार)

रस्त्यामुळं. मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं) 1.1 धरला तर 200 चौरस मीटरच्या प्लॉटवर सगळे मजले मिळून 220 चौरस मीटर बांधकाम बसतं. त्यावरचं प्रीमियमचं (पैसे भरून मिळणारं) किंवा टीडीआरचं चटई क्षेत्र 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मिळत नाही. राग येणं साहजिक आहे. पण बोळात पाच मजले चढले, तर आगीचा बंब कुठून आणायचा?

हायवे रुंद केला, तरी गावात कोंडी तीच. चूक कुणाची? (जळगाव)

वाहनं नुसती मोजून भागत नाही, त्यांचं वजन धरावं लागतं. गावाबाहेरच्या रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात कार 1, दुचाकी अर्धी, ट्रक 3, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि मोठी बैलगाडी चक्क 8 ‘कार’ धरतात. आता केळीचे ट्रक आणि कापसाच्या ट्रॉल्या एकदम रस्त्यावर आल्या की काय होतं, ते तुम्ही रोजच बघता.

पण खरी गोम कडेला आहे. जुना सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, आताचा 53, हा सुरत ते नागपूर जाणाऱ्यांचाही रस्ता आणि शाळेत पोरं सोडणाऱ्यांचाही. दवाखाना, मंगल कार्यालय, शोरूम यांची दारं थेट हायवेवर उघडली की प्रत्येक दार म्हणजे एक चौक. समांतर रस्त्यांची मागणी जळगावकरांनी उगाच लावून धरली नव्हती. त्यात मोकळा दिसणारा रुंद रस्ता नवी वाहनं ओढतो, त्याला नियोजनात प्रेरित मागणी म्हणतात.

बायपासचंही तेच होतं. आधी ढाबा, मग पेट्रोल पंप, मग ‘बायपास टच’ प्लॉट. पहिल्या प्रश्नातल्या सरांचा एजंट आत्ता तिकडंच फक्की घेऊन गेला असेल.