खोकी अजून बांधलेलीच

प्रिय मावशी,
चौदा महिन्यांपूर्वी माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. दुसरी मिळाली ती कराराची, सहा महिन्यांची, आणि अनोळखी शहरात. सहा महिन्यांचाच प्रश्न म्हणून भाड्याच्या घरात आलो. करार दोनदा वाढला, पण कायम करणार की नाही ते कुणी सांगत नाही. विचारलं की 'वरून कळेल' म्हणतात. मागच्या खोलीत अकरा खोकी आहेत, त्यांची चिकटपट्टीही काढलेली नाही. आठ वर्षांच्या मुलीला रंग हवे होते, ते कुठल्या खोक्यात आहेत आठवेना, म्हणून नवे आणले. माझी हार्मोनियमही त्यातच आहे. आधीच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी बारा वर्षं दर रविवारी ती वाजवत होते. इथल्या पाळकांनी दोनदा विचारलं, पण 'आम्ही जाणारच आहोत' म्हणून मी टाळलं. निघताना मैत्रिणीनं बायबलमधल्या यिर्मया २९:११ या वचनाची फ्रेम दिली होती, भिंतीवर तेवढी एकच वस्तू आहे. रोज वाचते आणि खरं सांगायचं तर आता चीड येते. नवरा दुसरीकडे अर्ज करतो, तर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी 'तुमचा विश्वास कमी पडतो' असं सुनावलं. मावशी, देवावर भरवसा ठेवून वाट पाहायची म्हणजे रोज सकाळी उठून नेमकं करायचं काय?
— एक भगिनी

अगं बाळ,
तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा 'जाणारच आहोत'पाशी अडकले. असली वाक्यं मीही नऊ वर्षं बोलले आहे. ते पुढे सांगते, आधी तुझ्या फ्रेमचं बघू.

देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं सांगणारं ते वचन मुळात एका पत्रातलं वाक्य आहे. तुमच्यासारख्याच उपटून नेलेल्या माणसांना लिहिलेलं पत्र. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजानं यरुशलेमेचा (जेरुसलेमचा) राजा, त्याची आई, दरबारी, कारागीर, लोहार असे सगळे धरून नेले. मागे राहिलेल्या यिर्मया संदेष्ट्यानं त्यांना हे पत्र धाडलं. फ्रेमवर येतं ते अकरावं वचन. दहावं कुणी फ्रेम करून देत नाही, कारण त्यात ७० वर्षांचा आकडा आहे. पत्र वाचून दाखवलं तेव्हा ऐकणाऱ्यांतल्या चाळिशीच्या माणसाला तिथल्या तिथे कळलं असेल की परत जाणं आपल्या नशिबी नाही. आणि पाचवं वचन? घरं बांधा, त्यांत राहा. बागा लावा, त्यांचं फळ खा. (फळ म्हणतोय हं, पालेभाजी नाही. झाड लावून फळापर्यंत किती थांबावं लागतं ते बघ.) सातव्यात तर ज्या शहरात धरून नेलं त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करायला सांगितलंय.

आता एक पान मागे जा, अठ्ठाविसाव्या अध्यायात. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल, माणसंही आणि मंदिरातली पात्रंही. त्यावर यिर्मया आधी काय म्हणतो माहीत आहे? आमेन, तसंच होवो. मला हे फार आवडतं. त्यालाही तेच हवं होतं. पण हनन्याचं बोलणं खोटं होतं, आणि त्याच वर्षी तो मेला. बोलत होता तो देवाचंच नाव घेऊन, म्हणून तर लोकांना ओळखता आलं नाही. लोक देवावर विसंबून होते असं त्यांना वाटत होतं, प्रत्यक्षात विसंबले होते हनन्यानं दिलेल्या तारखेवर.

तुझ्या घरी ते काम कराराच्या कागदानं केलं. सहा महिने, मग आणखी सहा, मग आणखी. दर वेळी तारीख टळली की तुला वाटतं देवानं शब्द मोडला. त्यानं तो दिलाच नव्हता गं.

माझ्या बाबतीत हनन्या मीच होते. लग्नानंतर नऊ वर्षं मुलाची वाट पाहिली. कपाटाचा सगळ्यात खालचा खण रिकामा ठेवला होता. त्यात अंथरलेला कागद पिवळा पडला की बदलायचा, एवढंच काय ते त्या खणाचं काम. 'पुढच्या वाढदिवसापर्यंत' असं मीच देवाला बजावत असे आणि तेच त्याचं उत्तर समजत असे. मूल झालं नाही. देवानं काय केलं याची साक्ष द्यायला मी मंडळीत उभी राहिले असते तर शेवट कुणाला आवडला नसता. एका संध्याकाळी आमचे यजमान हातात स्वेटर घेऊन उभे होते, कुठे ठेवू विचारत. मी म्हटलं, खालच्या खणात ठेवा. ते माझ्याकडे बघत राहिले, मग खाली बसून एकेक घडी लावू लागले. एका स्वेटरची बाही बाहेर राहिली होती, ती मी आत सारली आणि खण ढकलला. त्या रात्रीही प्रार्थना केली. मागणं तेच होतं. वाढदिवसाचा उल्लेख तेवढा केला नाही.

चीड येते म्हणतेस, तर ती फ्रेमसमोर उभी राहून मनात गिळू नकोस, मोठ्यानं सांग. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'कुठवर' आहे. उपासनेत म्हणायच्या स्तोत्रांत हे ठेवलंय, कुणी खोडून काढलेलं नाही. तुझ्या मंडळीत ते वाचलं जात नसेल तर तो स्तोत्राचा दोष नाही.

नवऱ्याच्या अर्जांबद्दल त्या वडीलधाऱ्यांना माझा नमस्कार सांग आणि बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा चाळिसावा अध्याय वाचायला दे. योसेफ सतराव्या वर्षी विकला गेला, फारोपुढे, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजापुढे, उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा होता. मधल्या काळात तुरुंगात त्यानं प्यालेबरदाराच्या, म्हणजे राजाला पेला देणाऱ्या सेवकाच्या, स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि लगेच स्वतःचं काम पुढे केलं, फारोकडे माझी गोष्ट काढ, मला इथून सोडव. वशिलाच लावला म्हण ना. अर्थ देव सांगतो असंही त्याच तोंडानं म्हणाला होता. प्यालेबरदार विसरला, पुढे दोन वर्षं गेली, ही गोष्ट वेगळी. तेव्हा अर्ज करू देत त्यांना. हवं तर लिफाफ्यावर पत्ता तू घाल.

आता तुझा खरा प्रश्न, सकाळी उठून काय करायचं. मी ३४ वर्षं नर्स होते, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. १३०व्या स्तोत्रात पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी आहेत, एकाच वचनात दोनदा. ते वाचलं की मला शस्त्रक्रियेच्या वॉर्डातले एक आजोबा आठवतात. तीन वाजल्यापासून दर थोड्या वेळानं विचारायचे, "सिस्टर, उजाडलं का?" मी पडदा सारून बघायची, "नाही आजोबा, अजून अंधार आहे." आता होईल, झालंच, असं नव्या मुली म्हणत. मी म्हणत नसे, कारण दहा मिनिटांनी तेच आजोबा तोच प्रश्न विचारणार आणि मग आपल्या कुठल्याच बोलण्यावर त्यांचा विश्वास राहणार नाही. पाणी द्यायची परवानगी नव्हती, म्हणून कापसाचा बोळा भिजवून त्यांचे ओठ पुसायची, उशी उलटी करायची म्हणजे गार बाजू वर येते. मग पुढचा पेशंट. सलाईन, टेंपरेचर, चार्ट. सकाळच्या मुलींच्या हाती वॉर्ड सोपवेपर्यंत हेच. सूर्य वर ओढून आणणं माझ्या ड्युटीत नव्हतं, आणि तो येणार याची मला एकदाही शंका आली नाही. माझ्यापुरता भरवसा या शब्दाचा अर्थ एवढाच आहे. याहून उंच अर्थ पाळकांना विचार.

तर खोकी उघड. अकराच्या अकरा नाही, मला माहीत आहे तुझ्यानं ते होणार नाही. आधी पेटी काढ. बंद खोक्यात इतके महिने म्हणजे भात्याच्या घड्या कडक झाल्या असतील, सुरांवर धूळ बसली असेल, एखादी पट्टी दाबलेली वर येणार नाही. पहिले काही दिवस ती बेसूर बोलेल. भाता हलक्या हातानं चालव, दुरुस्तीवाला शोध. या शहरात पेटी दुरुस्त करणारा कुठे आहे हे ज्याला माहीत आहे तो माणूस इथला होतो, हे मी अनुभवानं सांगते (माझी शिवणयंत्राची गोष्ट आहे ही). मग पाळकांना निरोप दे की पुढच्या रविवारी येते. किती महिने वाजवणार हे सांगायची गरज नाही, त्यांनी विचारलेलंही नाही.

रंगांचं खोकं मुलीलाच शोधू दे. तिला चिकटपट्टी फाडायला आवडेल.

तुझी मावशी

आदरणीय मावशी,
नव्या कामासाठी होकार द्यायची मुदत दोन आठवड्यांची आहे. देवाकडे खूण मागितली, मिळाली नाही. आणखी थांबू का?
— एक तरुण वाचक

बायबलमधल्या गिदोनासारखी खुणेसाठी लोकर अंगणात टाकली आहेस वाटतं: दव फक्त लोकरीवर पडू दे, जमीन कोरडी राहू दे. शास्ते या पुस्तकाचा सहावा अध्याय पुन्हा वाच. काय करायचं ते त्याला आधीच स्पष्ट सांगून झालं होतं. लोकर पिळून वाटीभर पाणी निघालं तरी त्याचं समाधान झालं नाही, दुसऱ्या रात्री उलटं मागितलं. देवानं त्याचं ऐकलं तो त्याचा मोठेपणा.

तुझ्या पत्रात खूण मागितल्याचं आहे, पण त्या कामात दिवसभर काय करावं लागतं हे कुणाला विचारल्याचं नाही. तिथे काम करणाऱ्या दोघांशी बोल, एक जुना आणि एक सोडून गेलेला. घरच्यांशी बोल. प्रार्थना चालूच ठेव. आणि होकार असो की नकार, मुदतीच्या आत कळव, तिकडेही कुणीतरी वाट बघतंय.

मावशी