फोटोतला ट्रक आणि बुडाखालचा पांढरा गोळा

प्रश्न : आमचे आजोबा मराठा पलटणीत ड्रायव्हर होते. घरात त्यांचा एकच फोटो आहे. चपट्या नाकाच्या ट्रकच्या मडगार्डवर हात ठेवून उभे आहेत, दारावर पांढरा तारा आहे आणि फोटोमागं पेन्सिलीनं 'इटली ४४' लिहिलंय. मला त्याच ट्रकचं मॉडेल १:३५ मापात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढं, बनवायचं आहे. गल्लीतले एक माजी सैनिक म्हणतात हा शक्तिमान. रंग कुठला द्यायचा, मागच्या हौद्यात काय ठेवायचं, काहीच कळत नाही. आजोबा पहिल्या पलटणीत होते की तिसऱ्या, हेही आता सांगणारं कुणी नाही.
— एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : शक्तिमान नव्हे. तो जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला तयार झाला, आणि पहिली गाडी बाहेर पडली १९५९ साली. चपटं नाक आणि ४४ साल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं कॅनडाची गाडी येते. फोर्ड आणि शेवरोले या दोन्ही कंपन्यांनी तिथं एकाच लष्करी नमुन्यावर चार लाखांच्या घरात गाड्या बांधल्या आणि आपल्या पलटणींनाही त्या मिळाल्या.

फोटो खिडकीजवळ नेऊन भिंग लावून बघा. समोरच्या काचेचा वरचा काठ पुढं आणि खालचा मागं, अशी ती उलटी कललेली दिसते का? दिसली तर ते कॅनडाच्या या गाड्यांचं तेरा नंबरचं केबिन. काचेवर ऊन चमकून विमानातल्या शत्रूला गाडी कळू नये म्हणून ती तशी बसवलेली असे. मग रेडिएटरसमोरची जाळी बघा. शंकरपाळीसारखी तिरकी असेल तर शेवरोले, सरळ चौकोनी असेल तर फोर्ड. बॉनेटच्या बाजूला नंबर असेल तर त्याआधीचं इंग्रजी अक्षर महत्त्वाचं. एक टनापर्यंतच्या गाडीला ब्रिटिश लोक ट्रक म्हणत आणि झेड लिहीत, त्यावरच्या गाडीला लॉरी म्हणत आणि एल लिहीत.

अक्षर पुसलेलं असेल तर चाकांतलं अंतर मोजा. पंधरा हंड्रेडवेटच्या, म्हणजे सुमारे ७६२ किलो माल नेणाऱ्या छोट्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांत १०१ इंच अंतर असे. १:३५ मध्ये ते ७३ मिलिमीटर होतं. तीन टनी गाडीत हेच अंतर १३४ किंवा १५८ इंच, म्हणजे मॉडेलवर ९७ किंवा ११५ मिलिमीटर. गाडी फोटोत तिरकी उभी असेल तर मात्र ही मोजणी फसवते.

आता पलटण. किट मागवण्याआधी हे काम करा, कारण खुणा, माल आणि चिखल सगळं त्यावर ठरतं. आजोबांचं डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, पदकांची डबी यांतलं काहीतरी माळ्यावरच्या ट्रंकेत असतंच. पदकाची फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल अशी पाच सारख्या पट्ट्यांची असेल तर तो इटली स्टार, आणि फोटोमागची पेन्सिल खरी ठरली. रेजिमेंटल नंबर मिळाला की आपल्या बेळगावातच मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस आहे, तिथं नात्याचा पुरावा जोडून अर्ज करा. आजोबांच्या वडिलांचं नाव आणि गाव त्या काळच्या स्पेलिंगमध्ये दोन-तीन तऱ्हांनी लिहा. एकाच आडनावाची माणसं एकेका गावातून डझनानं भरती झालेली आहेत.

कागदावर १/५ दिसलं तर पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली, म्हणजे जंगी पलटण. ती आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती. नामदेव जाधवांना ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते याच पलटणीचे. ३/५ असेल तर तिसरी पलटण, दहावी डिव्हिजन. व्हिक्टोरिया क्रॉसचेच मानकरी यशवंत घाडगे यांची ही पलटण. ते १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. दोन्ही पलटणींच्या रोजच्या नोंदी, ज्यांना वॉर डायरी म्हणतात, लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत.  गाडी कुठल्या महिन्यात कुठल्या नदीकाठी होती हे तिथून काढता येतं. आणखी एक शक्यता लक्षात ठेवा. मोठ्या तीन टनी गाड्या बहुतेक आर्मी सर्व्हिस कोअरच्या असत. आजोबा पलटणीचेच ड्रायव्हर असतील तर छोट्या गाडीवर असण्याचा संभव जास्त.

हे सगळं मी इतक्या आग्रहानं का सांगतोय, तेही सांगतो. मी सैन्यात ईएमईत, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, गाड्यांचा मेकॅनिक होतो. १९८६ साली सुट्टीवर आलो असताना अशीच एक पंधरा हंड्रेडवेटची गाडी बनवली आणि गल्लीतल्या मंडळानं ती गणपतीच्या मांडवात काचेच्या पेटीत ठेवली. आरतीनंतर संकेश्वरकडचे एक म्हातारे गृहस्थ आले, लेकीकडं राहायला आले होते. इटलीत चार चाकांवर दोन हिवाळे काढलेला माणूस. त्यांनी पेटी उघडायला लावली आणि मॉडेल हातात घेऊन आधी उलटं केलं. समोरची जाळी, तारा, नंबर, ज्यावर मी महिनाभर डोळे फोडले होते, त्यांतलं काही पाहिलं नाही. बुडाखाली बघून म्हणाले, "गोळा पांढरा न्हाई व्हय?"

मला कळेना. मग त्यांनी मांडवातच बसून सांगितलं. रात्री गाड्यांची रांग निघायची ती हेडलाइट बंद ठेवून. प्रत्येक गाडीच्या मागच्या आक्सलचा मधला गोळा, म्हणजे डिफरेन्शियल, पांढरा रंगवलेला असे आणि त्यावर खालच्या बाजूला एक बारीक दिवा. वरून विमानाला तो दिसत नसे, मागच्या ड्रायव्हरला दिसे. पावसात, डोंगराच्या वळणावर, एका बाजूला दरी असताना तेवढा पांढरा ठिपका धरून गाडी न्यायची. ठिपका दिसेनासा झाला की ब्रेक. त्या ठिपक्याकडं बघून बघून पहाटे डोळे मिटले तरी तो दिसायचा, असं ते म्हणाले. पुढं मी फोटोंमधून, कागदांमधून हे पडताळलं. अगदी बरोबर होतं. ब्रिटिश धर्तीच्या गाड्यांवर ही सोय सर्रास असे. दुसऱ्या दिवशी मी तो गोळा रंगवला. ते गृहस्थ पुढच्या गणपतीपर्यंत राहिले नाहीत.

तेव्हापासून मी गाडीचं काम काय होतं हे आधी विचारतो. तुमच्या आजोबांच्या गाडीचंही तसंच करा. पलटणीच्या छोट्या गाडीत घोंगड्यांच्या वळकट्या, दारूगोळ्याच्या पेट्या, फावडी-कुदळी, पाण्याचे आणि पेट्रोलचे डबे, जेवणाची मोठी भांडी असा संसार असे. रिकामा, झाडून ठेवलेला हौदा फक्त परेडला शोभतो. पण भरताना पुलांचाही विचार करा. आठवी डिव्हिजन नोव्हेंबर १९४३ मध्ये सांग्रो नदीवर होती. पुरानं पूल वाहून गेले, गाड्या अलीकडं अडकल्या. पुढं मोरो नदीवर रस्त्याचं वळण इतकं अडचणीचं की अलीकडच्या काठावरून पूल ढकलायला जागाच नव्हती. आपल्या बंगाल सॅपर्सनी, म्हणजे लष्करी इंजिनियरांनी, सामान पलीकडं नेऊन शत्रूच्या बाजूनं अलीकडं पूल बांधत आणला. त्याला 'इम्पॉसिबल ब्रिज' नाव पडलं. म्हणूनच गाडीच्या नाकावर पिवळ्या गोलात काळा आकडा असतो, पुलावर किती वजनाची गाडी सोडायची ते सांगणारा. तो विसरू नका. आठवी डिव्हिजन निघाली तर डिव्हिजनची खूण म्हणून लाल पाटीवर क्लोव्हर या गवताची पिवळी फुलं येतील.

रंगाबाबत घाई नको. आजच्या मिलिटरी गाडीचा हिरवा तर मुळीच नको. कृष्णधवल फोटोत हिरवा की तपकिरी हे कळत नाही, पण अंगावर दोन छटांचे पट्टे आहेत की एकच छटा आहे हे कळतं. पट्टे असतील तर फिकट मातकट रंगावर काळे डाग, भूमध्य समुद्राकडची ती पद्धत होती. एकरंगी असेल तर ४४ पासूनचा ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मळकट तपकिरी-हिरवा, धरायला हरकत नाही. लाल खूण जुन्या फिल्मवर कधीकधी पार काळी उतरते, तेही ध्यानात असू द्या.

आणि चिखल. आपल्याकडं बरेच जण अंगणातली माती चाळून डिंकात कालवून लावतात. खानापूरची लाल माती सांग्रोच्या गाडीला लावू नका. तिकडची चिकणमाती राखाडी. सुकली की फिकट पडते, ओली असताना चाकांच्या खाचा बुजवून टाकते.

सांग्रोच्या युद्धस्मशानात दहन झालेल्या ५०० हून अधिक हिंदी जवानांची नावं कोरलेली आहेत. पलटणीचा शोध लागला की आजोबांच्या गावची नावं तिथं आहेत का, तेवढं बघाच.

प्रश्न : आमच्या भागात लाकूड वाहणारा लिलावातला जुना शक्तिमान आहे. १९७१ च्या मॉडेलसाठी त्याची मापं घेतली तर चालतील का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : चॅसी, केबिन, बॉनेट यांची घ्या. हौदा सोडा, लाकडासाठी तो नव्यानं बांधलेला असतो. टायरही बहुतेक बदललेले असतात. मालकाला आधी विचारा, गाडी रिकामी असताना जा आणि टेपचं दुसरं टोक धरायला माणूस न्या. एकट्यानं चाकांतलं अंतर मोजलं की दोन-तीन इंच हमखास चुकतात.