वाचकांचे प्रश्न: पांढरा शर्ट पांढराच राहावा म्हणून

प्रश्न: माझ्या मिस्टरांचे पांढरे सुती शर्ट सहा महिन्यांत काखेत पिवळे पडतात. दर आठवड्याला ब्लीच घालते, तर डाग आणखीच गडद होतो. धुण्यात काय चुकतंय? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: चूक ब्लीचची आहे. हा डाग नुसत्या घामाचा नसतो. घाम रोखणाऱ्या डिओडरंटमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामातल्या प्रथिनांबरोबर धाग्यात घट्ट बसतात आणि पिवळे पडतात. क्लोरीनच्या ब्लीचने हा डाग निघत नाही, उलट चढतो. त्यात पाणी बोअरचं आणि लोहाचं असेल, तर तेच लोह गंज होऊन अख्ख्या शर्टावर बसतं. म्हणून पांढऱ्या शर्टांसाठी ती बाटली बंदच करा.

शर्ट उलटा करा. एक वाटी पांढरं व्हिनेगर, दोन वाट्या पाणी, त्यात काखेचा भाग अर्धा तास बुडवा. मऊ ब्रशने हलकेच घासून चांगला खळबळून घ्या. मग चार लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, विरघळवून तीन-चार तास भिजत ठेवा. बादली प्लास्टिकची घ्या, आणि झाकण लावू नका, वायू सुटतो. व्हिनेगर आणि क्लोरीनचं ब्लीच मात्र चुकूनही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

वाळल्यावर डागाची सावली दिसली तर इस्त्री फिरवायची नाही, पुन्हा भिजवायचं. इस्त्रीच्या उष्णतेने डाग पक्का होतो. आणि मिस्टरांना सांगा, डिओडरंट पूर्ण वाळल्याशिवाय शर्ट अंगात घालायचा नाही.

प्रश्न: नीळ दिली की शर्टावर निळे ठिपके उमटतात.

उत्तर: नीळ कपड्यावर किंवा कपडे असलेल्या बादलीत थेट ओतली की असंच होतं. आधी अर्धी बादली पाण्यात चार-पाच थेंब टाकून ढवळा. ओंजळीत घेतलेलं पाणी जेमतेम निळसर दिसलं की पुरे. शर्टात साबण अजिबात राहता कामा नये, शर्ट ओलाच असावा. घडी मोडून, पसरून बुडवा, दोन-तीनदा वरखाली करा आणि लगेच काढून पिळा. नीळ मळ काढत नाही, फक्त पिवळटपणा झाकते. तेव्हा मळका शर्ट निळीत घालून उपयोग नाही.

प्रश्न: शिवून घेतलेल्या शर्टाची कॉलर दोन-चार धुण्यांत फुगते. कापड कोणतं घ्यावं?

उत्तर: फुगे कापडामुळे येत नाहीत, आतल्या बकरममुळे, म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आत घातलेल्या कडक कापडामुळे येतात. चिकटवलेल्या बकरमचा गोंद गरम पाण्याने सुटतो किंवा कापड आटतं आणि बकरम आटत नाही. टेलरला न चिकटवता शिवून बसवायचं बकरम घ्यायला सांगा. कापड आणि बकरम दोन्ही रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, वाळवून मगच कापायला द्या.

रोजच्या वापराला दाट विणीचं सुती पॉपलीन उत्तम. दुकानात कापडाखाली तळहात धरा. बोटं वेगवेगळी मोजता आली तर ते कापड नको. बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटं सहज जावीत, खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी. आतून पांढरं बनियन उठून दिसतं, त्वचेच्या रंगाचं किंवा फिकट राखाडी घाला.